पाचव्या अंकात मी एक वाक्य शोधतोय

साताऱ्यात आम्ही सहाजण दर रविवारी संध्याकाळी एका निवृत्त प्राध्यापिका बाईंच्या घरी जमतो आणि शेक्सपिअर मोठ्यानं वाचतो. पात्रं वाटून घ्यायची, इंग्रजीत वाचायचं, अडलं की थांबायचं आणि मराठीत भांडायचं. बाई सोडल्या तर इंग्रजी साहित्य कुणीच शिकलेलं नाही. मी हायस्कुलात गणित शिकवतो. यंदा पावसाळ्यात 'मच अडू अबाउट नथिंग' घेतलं. १५९८-९९च्या सुमाराला लिहिलेलं, विनोदी म्हणून नावाजलेलं नाटक. माझ्या वाट्याला लिओनाटो आला. मेसिना शहराचा गव्हर्नर, आणि हीरो नावाच्या एकुलत्या एक मुलीचा बाप.

चौथ्या अंकाच्या रविवारी हीरो वाचणाऱ्या ताई एका बारशाला गेल्या होत्या. माझी मुलगी पुण्याहून सुटीला आलेली, पाऊस होता म्हणून मला गाडीवरून सोडायला आली. बाईंनी तिला बसवूनच घेतलं. "अगं, हीरो वाच तू. फार वाक्यं नाहीत तिला."

खरंच नाहीत. जिच्या लग्नाचा, जिच्या अब्रूचा आणि जिच्या जिवाचा निवाडा त्या प्रवेशात होतो, ती मुलगी त्यात मोजून मापून बोलते आणि मधला बराच वेळ बेशुद्ध असते.

कथा थोडक्यात सांगतो. युद्ध जिंकून आलेला राजपुत्र डॉन पेद्रो आणि त्याच्यासोबतचा तरुण सरदार क्लॉडिओ लिओनाटोकडे महिनाभर मुक्कामाला उतरतात. क्लॉडिओला हीरो आवडते, लग्न ठरतं. राजपुत्राचा अनौरस भाऊ डॉन जॉन याला हे बघवत नाही. त्याचा माणूस बोराकिओ लग्नाच्या आदल्या रात्री हीरोच्या दासीशी, मार्गारेटशी, खिडकीपाशी लगट करतो आणि तिला हीरो म्हणून हाक मारतो. राजपुत्र आणि क्लॉडिओ अंधारातून, लांबून बघतात. दुसऱ्या दिवशी भर चर्चमध्ये, सगळ्या वऱ्हाडासमोर, क्लॉडिओ मुलीचा हात बापाच्या हातात परत देतो आणि म्हणतो, हे नासकं संत्रं मित्राला देऊ नका.

इथपर्यंत मी वाचत होतो तसा वाचत होतो. मग हीरो कोसळते. तिची चुलतबहीण बिअ‍ॅट्रिस ओरडते, काका, मदत करा, ही गेली वाटतं. आणि माझं वाक्य येतं. बाप म्हणतो, दैवा, तुझा जड हात आता काढून घेऊ नकोस. हिची लाज झाकायला मरणाइतकं चांगलं पांघरूण दुसरं नाही.

ती डोळे उघडते. तेव्हाही तो म्हणतो, जगू नकोस हीरो, डोळे उघडू नकोस. तू लवकर मरणार नाहीस असं मला वाटलं असतं तर मीच तुझा जीव घेतला असता.

माझी मुलगी समोरच्या खुर्चीत पुस्तकात बोट घालून बसली होती. मी वाचलं. आवाज चढवायला हवा होता, चढला नाही. बाईंनी वर बघितलं, पण थांबवलं नाही.

हे भाषण मी नंतर घरी पुन्हा पुन्हा वाचलं. त्याच्या मध्यावर तीन ओळी अशा आहेत की 'माझी' हा शब्द त्यांत सहा वेळा येतो. माझी, आणि माझी म्हणून मी प्रेम केलं, माझी म्हणून कौतुक केलं, माझी म्हणून मिरवली, इतकी माझी की मी माझा उरलो नाही. वर्गात एखादा मुलगा समीकरणाच्या दोन्ही बाजूंना तेच पद लिहीत सुटतो, तेव्हा मला कळतं की उत्तर त्याच्या हातात नाही. लिओनाटोचं तसं झालंय. तो मुलीविषयी बोलतोय असं त्याला वाटतं, आणि प्रत्येक ओळ फिरून त्याच्यावरच येते. त्याआधी तो म्हणतो, त्यापेक्षा मी दारातल्या भिकाऱ्याचं पोर का नाही उचलून आणलं? ते असं बरबटलं असतं तर म्हणता आलं असतं, यातलं काहीच माझं नाही.

आणि शेवटी म्हणतो, ही शाईच्या खड्ड्यात पडली, हिला धुवून काढायला समुद्रातलं पाणी पुरणार नाही.

शाईचा खड्डा. इथं मी पुस्तक मिटलं. मला आत्या आठवली.

१९७४ साल. आत्या वीस वर्षांची. कृष्णाकाठच्या आमच्या गावात माझे आजोबा, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, प्राथमिक शाळेचे हेडमास्तर होते. आत्याचा साखरपुडा झाला होता, लग्न वैशाखात. लग्नाला आठ दिवस असताना मुलाचे चुलते आणखी दोघांना घेऊन जीपनं आले. त्यांच्याकडे एक आंतर्देशीय पत्र आलं होतं, निनावी, निळ्या शाईत. त्यात आत्याचं नाव एका परक्या माणसाशी जोडलं होतं. चुलत्यांनी ते पत्र अण्णांना बाजूला घेऊन दिलं नाही. ओसरीवर शेजारचे चौघे बसले होते, त्यांच्यादेखत सतरंजीवर टाकलं आणि म्हणाले, वाचा मास्तर, मोठ्यानं वाचा.

अण्णांनी मनातल्या मनात वाचलं, घडी घातली आणि परत दिलं. पाहुणे गेल्यावर ते माजघराच्या उंबऱ्यापाशी आले. आत्या आत उभी होती. हे खरं आहे का, असं त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "विहिरीला अजून पाणी आहे."

एवढंच. मग पायात वहाणा घालून शाळेत गेले. सुटी लागली होती तरी गेले.

बाबा तेव्हा पंधरा वर्षांचे होते. ते वाक्य त्यांनी ऐकलं. त्या रात्री सगळे निजल्यावर त्यांनी विहिरीचा पोहरा आणि दोर काढून माळ्यावर पेंढ्यात लपवला. पंधरा वर्षांच्या पोराला वाटलं की ताईला विहिरीवर जायला काही कारण उरता कामा नये. पहाटे पाणी शेंदायला दोर नाही म्हणून घरात आरडाओरडा झाला आणि बाबांनी मार खाल्ला, पण दोर कुठं आहे ते दुपारपर्यंत सांगितलं नाही. ही हकीकत बाबांनी मला आयुष्यात एकदाच सांगितली. सांगताना ते हाताची बोटं एकमेकांत अडकवून बसले होते, अजून दोर धरल्यासारखे.

वर्तमानपत्रात अशा बातम्यांना एक ठरलेला शब्द वापरतात, 'खोट्या प्रतिष्ठेपायी'. मला तो शब्द पटत नाही. अण्णांची प्रतिष्ठा खोटी नव्हती. वारीला जाताना गावातल्या बायका आपले डागदागिने अण्णांच्या कपाटात ठेवून जायच्या. बांधावरची भांडणं ओसरीवर मिटायची. आत्याच्या पाठच्या दोघी बहिणींची लग्नं व्हायची होती आणि त्यांचं सगळं या एका नावावर तोललेलं होतं. लिओनाटोचंही तसंच. राजपुत्र ज्याच्या घरी महिनाभर राहतो, त्याचं शहरातलं वजन खरंच असतं. खरी, कमावलेली, उपयोगाची वस्तू हातातून निसटताना दिसते, म्हणूनच माणूस तिच्यासाठी पोरीला खाली टाकतो. खोट्या वस्तूसाठी एवढं कुणी करत नाही.

पण मग विचारायचं तर होतं!

मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथं. लिओनाटोला विश्वास का बसला? तो स्वतःच सांगतो. दोन राजपुत्र खोटं बोलतील का? क्लॉडिओ खोटं बोलेल, जो बोलताना रडत होता? म्हणजे पुरावा काय, तर सांगणाऱ्यांचा दर्जा. मग क्लॉडिओचा मित्र बेनेडिक बिअ‍ॅट्रिसला विचारतो, काल रात्री तू हिच्याजवळ झोपली होतीस का? ती म्हणते, काल नव्हते, पण त्याआधी वर्षभर रोज होते. यावर बाप ओरडतो, सिद्ध झालं, सिद्ध झालं! इतकी वर्षं मी फळ्यावर 'हेच सिद्ध करायचे होते' लिहितोय. वर्षभराच्या रात्री एका बाजूला, एक रात्र दुसऱ्या बाजूला, आणि या माणसाला ती एक रात्र जड वाटते. पुढं तो धर्मगुरूला सांगतो की ही नाकारतसुद्धा नाही. ती तर थोड्याच वेळापूर्वी सगळ्यांसमोर म्हणाली आहे की त्या वेळी मी कुणाही पुरुषाशी बोलले नाही. तिनं म्हटलं, ते बापाच्या कानापर्यंत गेलंच नाही.

याहून वाईट गोष्ट तिसऱ्या अंकाच्या शेवटी आहे, आणि आमच्या गटात ती वाचताना सगळे हसले होते. रात्रीच्या पहारेकऱ्यांनी बोराकिओला बढाया मारताना पकडलेलं असतं. त्यांचा मुख्य डॉगबेरी लग्नाच्या दिवशी सकाळी लिओनाटोच्या दारात येतो. बोलायला अडाणी, शब्द भलतेच वापरणारा, मुद्द्यावर यायला वेळ लावणारा. लिओनाटो म्हणतो, तुम्ही कंटाळा आणता बुवा. चौकशी तुम्हीच करा, मला घाई आहे, जाताना थोडी वाइन घ्या. आणि चर्चमध्ये जातो. त्यानं पाच मिनिटं दिली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. राजपुत्राची खोटी गोष्ट चांगल्या भाषेत आली म्हणून खरी ठरली. पहारेकऱ्याची खरी गोष्ट वेड्यावाकड्या भाषेत आली म्हणून दारातूनच परत गेली. पहिल्या वाचनात मीही हसलो होतो. आता तो प्रवेश मला वाचवत नाही.

सावध करणाऱ्या खुणा आणखीही आहेत. पहिल्याच प्रवेशात राजपुत्र विचारतो, ही तुमची मुलगी वाटतं? लिओनाटो म्हणतो, तिची आई मला तसं पुष्कळदा सांगत आलीय. चारचौघांत, मुलगी शेजारी उभी असताना केलेला विनोद. दुसऱ्या अंकात तिचं लग्न ठरतं तेव्हा तो क्लॉडिओला म्हणतो, घ्या माझी मुलगी आणि तिच्याबरोबर माझी संपत्ती. त्या देवघेवीत हीरो काय बोलते ते प्रेक्षकांना ऐकू येत नाही. ती क्लॉडिओच्या कानात काहीतरी सांगते आणि बिअ‍ॅट्रिस ते आपल्याला सांगते.

लिओनाटोवर अन्याय करायचा नाही मला. धर्मगुरू मुलीच्या चेहऱ्याकडे नीट बघतो, ती निर्दोष आहे असं ठामपणे सांगतो, आणि ती मेली असं जाहीर करायला सुचवतो. बाप तयार होतो. पाचव्या अंकाच्या सुरुवातीला, बोराकिओचा कबुलीजबाब अजून आलेला नसताना, तो भावाला म्हणतो की माझं मन सांगतंय हीरोवर खोटा आळ आलाय. मग म्हातारपणी क्लॉडिओला द्वंद्वाचं आव्हान देतो. माझी पोर तू मारलीस म्हणतो. ते मी वाचलं तेव्हा माझा आवाज आपोआप चढला. चौथ्या अंकात न चढलेला, इथं चढला.

नंतर घरी जाताना, गाडीवर मागं बसलेली मुलगी म्हणाली, "बाबा, तो हे सगळं तिच्यासमोर का नाही बोलत?"

मी घरी येऊन शोधलं. ती म्हणते ते खरं आहे. द्वंद्वाचं आव्हान देतो तेव्हा हीरो तिथं नाही. खरं बाहेर आल्यावर राजपुत्र आणि क्लॉडिओ माफी मागतात ती लिओनाटोची. शिक्षा द्या, म्हणतात, ती लिओनाटोला. मग शेवटच्या प्रवेशात बाप आणि मुलगी एकत्र येतात. धर्मगुरू म्हणतो, सांगितलं नव्हतं मी, ती निर्दोष आहे? आता बापानं बोलायची वेळ. आणि बाप म्हणतो, राजपुत्र आणि क्लॉडिओही निर्दोषच, त्यांची चूक गैरसमजातून झाली. मग मुलीकडे वळून म्हणतो, बरं पोरी, तुम्ही सगळ्या आतल्या खोलीत जा, बोलावलं की मुखवटे घालून या.

मी तो अंक तीनदा वाचला. पेन्सिल घेऊन ओळीओळीवरून गेलो. माझं चुकलं, असं वाक्य लिओनाटोच्या तोंडी मुलीसाठी नाही. त्याच क्लॉडिओशी तिचं लग्न लागतं आणि सगळे नाचतात.

आत्याचंही लग्न त्याच मुलाशी लागलं. पत्र मुलाकडच्याच एका नातलगानं लिहिलं होतं, आपल्या मुलीला ते स्थळ हवं म्हणून. अक्षर ओळखीचं निघालं. तीन-चार महिन्यांनी तेच चुलते शाल-नारळ घेऊन आले आणि अण्णांच्या पाया पडले. अण्णांनी त्यांना उठवलं, चहा झाला, मार्गशीर्षातला मुहूर्त धरला. आत्यानं चहा केला. फक्त तिच्याशी त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. अण्णा १९९१ला गेले, तोवर बोलले नाहीत.

आत्या दर दिवाळीला माहेरी यायची. येताना फिरकीचा तांब्या भरून पाणी आणायची आणि चार दिवस तेच पुरवून पुरवून प्यायची. संपलं तर बाबा सायकलवरून नदीपलीकडच्या गावातल्या नळाचं पाणी आणून द्यायचे. आम्हा पोरांना सांगितलेलं होतं की आत्याला आपलं पाणी बाधतं. मी बरीच वर्षं तसंच समजत होतो. पोहरा आणि दोराची गोष्ट बाबांनी सांगितली त्या दिवशी मला तांब्याचा अर्थ लागला.

अण्णा माझ्यावर फार प्रेम करायचे. पाढे त्यांनीच शिकवले, तीसपर्यंत, पायऱ्यांवर बसवून. मी गणिताकडे वळलो ते त्यांच्यामुळे. त्यांच्याविषयी हे सगळं लिहिताना मला त्रास होतोय. तरी लिहितोय, कारण त्या रविवारी ते वाक्य माझ्याही तोंडातून बाहेर पडलं, पुस्तकातलं का असेना, आणि समोर माझी मुलगी होती. आणि मी स्वतःला विचारलं की उद्या कुणी वजनदार माणसानं माझ्या दारात येऊन तिच्याविषयी काही सांगितलं, तर मी आधी तिच्याकडे वळेन की आधी शेजारच्या खिडक्यांकडे बघेन. मला वाटतं तिच्याकडे वळेन. अण्णांनाही पत्र येण्याआधी तसंच वाटत असणार.

परवा कराडला आत्याकडे गेलो. आता सत्तरीच्या पुढं आहे, गुडघे दुखतात, डोकं लख्ख आहे. माझ्या रविवारांची तिला माहिती आहे, दर वेळी विचारते, सध्या काय वाचताय. मी आधी टाळणार होतो. मग सांगितली सगळी गोष्ट, चर्च, नासकं संत्रं, शाईचा खड्डा. ती शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत तिचे.

"तिला आई नव्हती का?"

मी म्हटलं, त्याचीही गंमत नाही, दुःखच आहे. १६०० साली हे नाटक पहिल्यांदा छापलं, त्यात सुरुवातीच्या रंगसूचनेत बापाबरोबर त्याची बायको येते असं लिहिलंय. इनोजेन नाव. दुसऱ्या अंकातही ती येते असं लिहिलंय. पण तिला आख्ख्या नाटकात एक शब्द नाही. म्हणून पुढं अठराव्या शतकात संपादकांनी तिचं नावच काढून टाकलं.

"काढायला नको होतं," आत्या म्हणाली. "होती ती तिथं. आई पण होती त्या दिवशी. खांबाला धरून उभी होती."

आजीबद्दल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाबांनीही नाही.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मग शेवटी बाप काय म्हणाला पोरीला?"

"आत जा म्हणाला. बोलावलं की तोंड झाकून ये."

तिनं टरफलं पदरातून सुपात झाडली. गुडघ्यावर हात ठेवून उठली, आत गेली आणि माठातलं पाणी घेऊन आली.

"घे," म्हणाली. "उन्हातनं आलायस."